‘उद्या या’चे नीतिशास्त्र

दिवाळी तोंडावर आली की आपल्या सीमाभागात शिलाईकाम करणाऱ्यांच्या दारात एकच उत्तर दोन भाषांत ऐकू येते. मराठीत ‘उद्या या’, कानडीत ‘नाळे बर्री’. दुसऱ्या दिवशी जावे, तर पुन्हा तेच. आपण या उत्तराची थट्टा करतो, क्वचित चिडतो. परंतु त्यात एक गंभीर प्रश्न आहे. पाळता येणार नाही हे ठाऊक असताना दिलेला वायदा हा खोटेपणा मानावा, की पोटासाठी केलेली तडजोड?

घरी एकटीने शिलाई करणाऱ्या एखाद्या बाईंचा हिशेब मांडून पाहू. अस्तराचा ब्लाऊज कापणे, शिवणे, हुक लावणे, इस्त्री करणे याला तीन तास धरले, तर नऊ तास बसून दिवसाला तीन होतील. वीस दिवसांत साठ. वीज गेली किंवा मूल तापाने फणफणले, तर तेवढेही नाहीत. वहीत मात्र नव्वद मापे उतरलेली असतात. म्हणजे तीस जणींना सांगितलेली तारीख सांगतानाच खोटी असते.

याला लोभ म्हणणे सोपे आहे. पण सण आणि लग्नसराई संपली की मशीन थंड पडते. परत पाठवलेले गिऱ्हाईक कायमचे जाते, ही धास्ती असते. शिवाय समोर उभी असते ती शेजारीण. तिला ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. आपणही ‘काही करा, पण धनत्रयोदशीला हवाच’ असे म्हणून हवे तेच उत्तर वदवून घेतो.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात खोट्या वचनाचा विचार केला आहे. फेडता येणार नाही हे जाणून ‘फेडीन’ म्हणत कर्ज घेणारा माणूस त्याने उदाहरणादाखल घेतला. सगळेच असे वागू लागले, तर वचनावर कोणी विश्वासच ठेवणार नाही, असे तो म्हणतो. आपल्या बाई त्या कर्जदारासारख्या नाहीत. त्यांना काम करायचे असते, रात्री जागून त्या करतातही. तरीही एक गोष्ट उरते. जिला खोटी तारीख मिळाली, तिची दुसरीकडे जाण्याची संधी हुकते. आणि शेवटच्या आठवड्यात जी मोठ्याने भांडते तिचे काम आधी होते. धुणीभांडी करून पैसे साठवलेली, मुकाट्याने परत जाणारी बाई मागे राहते. वायदा खोटा ठरला की रांग मोडते आणि न्याय आवाजाच्या हाती जातो.

१९९० च्या दशकात कर्नाटकात दारावर ‘नाळे बा’ लिहिण्याची एक लाट आली होती. रात्री येणारे भूत ‘उद्या ये’ हे वाचून परत फिरते, रोज तेच वाचते आणि रोज फिरते, अशी समजूत होती. भुताला चकवायला हा तोडगा ठीक. पण गिऱ्हाईक म्हणजे भूत नव्हे.

मग करावे काय? गरज आहे म्हणून जास्त काम घेणे हा अपराध नाही. रांग लपवणे हा आहे. ‘तुमच्या आधी साठ आहेत, पाडव्यानंतर चालेल का?’ एवढे विचारले की निर्णय गिऱ्हाइकाच्या हाती राहतो. उशीर होणार हे वहीवरून दिसताच आपणहून निरोप द्यावा. फोन न उचलणे हे ‘उद्या या’चेच मुके रूप आहे. रोज सांजवेळी वही उघडून चार जणींना खरी तारीख कळवायला पंधरा मिनिटे पुरतात; दिवसभर दारात येणाऱ्यांची समजूत घालण्यात याहून अधिक वेळ जातो.

अर्थात खरे बोलण्याची किंमत एकट्या कारागिराने का मोजावी? ‘दिवाळीपूर्वी जमणार नाही’ असे कोणी स्वच्छ सांगितले, तर यंदा कापड दुसरीकडे द्यावे लागले तरी पुढचे काम घेऊन आपण त्याच दारात जावे. खरे सांगणाऱ्याचे गिऱ्हाईक तुटत असेल, तर त्याच्या पुढच्या खोट्या वायद्यात आपलाही वाटा आहे.