दुरुस्तीचा आकडा जाहीर होण्याआधी

सोसायटीच्या सूचनाफलकावर पाण्याच्या वेळा असतात, गणपतीच्या वर्गणीचा हिशेब असतो आणि खाली थकबाकीदारांची यादी. त्या यादीत कधीकधी अशा आजींचं नाव दिसतं, ज्यांनी तीस वर्षं मेंटेनन्सची एकही पावती चुकवली नाही आणि त्या सगळ्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या आहेत. मग स्ट्रक्चरल ऑडिट झालं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, कॉलमची दुरुस्ती, नवी लिफ्ट असं सगळं निघालं, प्रत्येक घराच्या वाट्याला लाखांतला आकडा आला आणि तिथे त्यांचं बळ संपलं.

'फ्लॅट कोटीचा आहे की!' असं सभेत कुणीतरी म्हणतंच. पण त्या कोटीतून महिन्याची औषधं येत नाहीत. ईपीएस-95 या कर्मचारी पेन्शन योजनेची किमान पेन्शन 2014 पासून 1000 रुपये आहे. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 पासून माफ झाला, तेवढा आधार मिळाला. दुरुस्तीच्या वर्गणीला मात्र तशी सवलत नाही. घर तारण ठेवून दरमहा पैसे देणारी रिव्हर्स मॉर्गेज योजना 2007 पासून आहे, पण मुलांसाठी राखलेलं घर बँकेकडे ठेवायला म्हाताऱ्या माणसांचं मन धजत नाही.

दुरुस्ती पुढे ढकलणं हाही मार्ग नव्हे. फ्लोरिडातल्या सर्फसाइडमध्ये 24 जून 2021 रोजी बारा मजली इमारतीचा मोठा भाग कोसळून 98 माणसं गेली. तिथेही दुरुस्तीचा खर्च कुणी किती उचलायचा यावर रहिवाशांचे वाद चालले होते.

म्हणून मला वाटतं, सत्तरी ओलांडलेल्या, तुटपुंज्या उत्पन्नाच्या सभासदाकडून झेपेल तेवढा हप्ता घ्यावा आणि उरलेली रक्कम बिनव्याजी ठेवून फ्लॅट विकताना किंवा वारसाच्या नावावर होताना वसूल करावी. सोसायटीचा पैसा बुडत नाही, तो उशिरा येतो एवढंच. गृहकर्जाचा हप्ता भरणाऱ्या तरुण शेजाऱ्याला तोवरचा भार जड वाटेल, आणि त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. पण सिंकिंग फंडात त्या आजींचेही तीस वर्षांचे पैसे आहेत.

आणि हे मागायला त्यांना भरसभेत उभं राहावं लागू नये. खजिनदारांनी घरी जावं, चहा घ्यावा, पासबुक पाहावं. हा ठराव विषयपत्रिकेत दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाच्या आधी घ्यावा, कारण आकडा जाहीर झाला की अशा आजी सभेला येणंच बंद करतात.