न पाहिलेल्याचें ज्ञान

नाशिकच्या इंदिरानगरांत काय किंवा अन्यत्र काय, स्वयंपाकघरांतील अल्युमिनियमच्या कुकरांत वातावरणाच्या सुमारें दुप्पट दाब सांठतो व उष्णतामान १२० अंशांच्या आसपास जातें. एवढ्या मर्यादेंत हा हलका धातु कसा वागतो, हें आपण नित्य पाहतों. परंतु तोच दाब कोटिपट झाला तर? तेथें डोळा पोहोंचत नाहीं. पोहोंचतें तें केवळ गणित. अशा गणिताच्या निष्कर्षास ज्ञान म्हणावें काय, आणि म्हटल्यास तें सांगणारावर कोणतें बंधन येतें, हा प्रश्न पदार्थविज्ञानाइतकाच नीतिशास्त्राचाहि आहे, असें आम्हांस वाटतें.

आपल्या नैयायिकांनीं धुरावरून अग्नीचें अनुमान करतांना व्याप्तीचा आग्रह धरला. पण व्याप्ति कोठवर खरी? अल्युमिनियमहूनहि हलकें जें सोडियम, त्याचें उदाहरण घ्या. दाबानें अणु जवळ आले कीं धातूचें धातुपण वाढतें, अशी समजूत रूढ होती. नीटन व अ‍ॅशक्रॉफ्ट यांनीं १९९९ सालीं लिथियमविषयीं व २००१ सालीं सोडियमविषयीं याच्या उलट गणित मांडलें. अतिदाबाखालीं बाहेरचे इलेक्ट्रॉन अणूंच्या गाभ्यांमधील पोकळ्यांत कोंडले जातात व वीज वाहून नेण्यास मोकळे राहत नाहींत. २००५ सालच्या प्रयोगांत असें आढळलें कीं, एरवीं ९८ अंशांवर वितळणारें सोडियम सुमारें बारा लक्ष वातावरणांच्या दाबाखालीं खोलीतील उष्णतामानासच वितळतें. आणि २००९ सालीं, वीस लक्ष वातावरणांच्या सुमारास, तें पारदर्शक झालेलें दिसलें. जुनी व्याप्ति गणितानें मोडली, पण नव्या गणितास प्रतिष्ठा आली ती प्रयोगामुळें.

जेथें प्रयोगाची वाटच बंद आहे, तेथें काय करावें? मुंबईंत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांतील गोडवाल, सिक्का व चिदंबरम् यांनीं १९८३ सालीं सुमारें दहा कोटि वातावरणांपर्यंतच्या दाबाखालील पदार्थांविषयींच्या सिद्धांतांचा परामर्श घेतला. असलें गणित अण्वस्त्रांच्या विचारांतहि लागतें. १९९८ च्या मे महिन्यांत पोखरण येथें चाचण्या झाल्या, व त्यानंतर भारतानें त्या स्वेच्छेनें थांबविल्या. स्फोटाऐवजीं गणितावर भिस्त ठेवणें मनुष्यजातीस श्रेयस्करच होय. तथापि २००९ सालीं त्यांतील एका स्फोटाच्या शक्तीविषयीं के. संथानम् या त्या कार्यांतीलच शास्त्रज्ञांनीं जाहीर शंका घेतली, आणि चिदंबरम् यांनीं ती अमान्य केली. वादाचा निर्णय करण्याची सर्व सामग्री सामान्य नागरिकाच्या हातीं नव्हती.

राष्ट्रहितार्थ कांहीं गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, हें आम्हांस मान्य आहे. परंतु गुप्तता निराळी व खात्रीचा आव निराळा. आपलें गणित कोठवर पारखलें गेलें आहे आणि कोठून पुढें केवळ विश्वास आहे, ती सीमारेषा पुसून टाकणें हें असत्यच होय, मग उत्तर पुढें बरोबर कां निघेना! अनुमान करणाराचें सत्यव्रत उत्तराच्या अचूकपणांत नसून त्या रेषेच्या प्रामाणिक उच्चारांत आहे. आणि ती रेषा कोठें आहे, असें विचारणें हें ऐकणाराचें कर्तव्य आहे.