फेडता न येणारा पैरा

आमच्या कोल्हापूर भागात एकमेकांच्या कामाला जाण्याची दोन नावं होती. एक पैरा, दुसरं इर्जिक. पैऱ्यात हिशेब असतो. मी दोन दिवस तुझ्या भांगलणीला आलो, आता तू दोन दिवस माझ्या रानात यायचंस. माणसाला माणूस, बैलाला बैल. पैरा कुणी बुडवला तर वर्षभर बांधावरनं टोमणे ऐकावे लागत. इर्जिकीत हिशेब नसतो. एखाद्याचा बैल ऐन पेरणीत दगावला, एखादी बाई तरणीच विधवा झाली, की गावातली औतं ठरल्या दिवशी त्या रानात उतरायची. दुपारी घरधन्यानं जमेल तसं जेवण घालायचं, दिवस मावळायला रान नांगरून तयार. ती विधवा बाई उद्या आपल्या रानात औत घेऊन येणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असायचं. तरी माणसं जायची.

म्हातारपणाचं औषधपाणी यातल्या कशात धरायचं, पैऱ्यात की इर्जिकीत? हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. आमच्या सोप्यात बसून, चहाचा कप हातात धरून, तात्या आणि काकी यावर कितीतरी वेळा भांडले आहेत.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी ३२ वर्षं काढली. आधी सायकलनं, मग लुनावर, शेवटी मुलाच्या जुन्या मोटरसायकलवर. मोल्डिंगच्या वाळूची बारीक धूळ आणि भट्टीची धग यांनी छाती कायमची खरखरती झाली. ५८ व्या वर्षी कंपनीनं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांना रिटायर केलं. आमच्या गावात निवृत्ती म्हटलं की ज्ञानेश्वरांचा थोरला भाऊ आठवायचा. साध्या माणसालाही निवृत्ती असते, ती ठरल्या तारखेला येते, हे एमआयडीसी आल्यावर कळलं.

घड्याळापेक्षा तात्यांनी जपली ती पगाराच्या चिठ्ठ्यांची पिशवी. प्रत्येक चिठ्ठीवर ई.एस.आय.ची कपात आहे. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ साली झाला आणि १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत योजनेला सुरुवात झाली. कामगाराच्या पगारातनं थोडे कापायचे, मालकानं त्याहून जास्त भरायचे, आणि आजारपणात कामगाराला व त्याच्या घरच्यांना औषध, दवाखाना मिळायचा, असा व्यवहार. कामगाराची कपात बरीच वर्षं पावणेदोन टक्के होती. जुलै २०१९ पासून ती पाऊण टक्का झाली आणि मालकाचा वाटा सव्वातीन टक्के. तात्यांचा शेवटचा पगार १६ हजार होता, म्हणजे महिन्याला १२० रुपये कपात. आणि निवृत्तीनंतर? किमान पाच वर्षं विम्यात राहून जो वयोमानानं निवृत्त झाला, त्यानं वर्षाला १२० रुपये भरायचे. त्यात तो आणि त्याची बायको, दोघांचं औषधपाणी. म्हणजे कामावर असताना महिन्याला जे कापत होते, तेच आता वर्षाला.

या १२० रुपयांचा तात्यांना फार अभिमान. रक्तदाबाची, साखरेची गोळी आणायला दवाखान्यात जातात तेव्हा इस्त्रीचा सदरा घालतात. रांगेत ताठ उभे राहतात. "माझं ३२ वरीस कापलंय," ते म्हणतात. "मी कुनाचं फुकट खात न्हाई."

काकी मात्र एकदा फणकाऱ्यानं म्हणाली, "तुमाला रिटायर केलं, शाल दिली. मला कुनी रिटायर करायचं? आन् शाल कुनी घालायची?"

काकी बाराव्या वर्षापासनं रानात आहे. आधी बापाच्या, मग सासऱ्याच्या, आणि दर हंगामात दुसऱ्यांच्याही. तिच्या नावची एकही चिठ्ठी त्या पिशवीत नाही. दवाखान्यात तिला गोळ्या मिळतात त्या तात्यांची बायको म्हणून. फौंड्रीतल्या ३२ वर्षांत रोज पहाटे चारला उठून तिनं डबा करून दिला, म्हणून ती ३२ वर्षं झाली. पण कपातीच्या रकान्यात पहाटेचे चार लिहायला जागा नसते.

भांडणाचं खरं कारण झाली शेजारची मावशी. ती जन्मभर शेतमजूर. नवरा लवकर गेला. मुलगा सेंट्रिंगच्या कामावर जातो. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीत कळ आली. शहरातल्या दवाखान्यात नेलं, स्टेंट घातली आणि घरी आणलं. एक रुपया लागला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसलं. २०१२ साली ही योजना वेगळ्या नावानं राज्याच्या काही जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांसाठी होती. २०२३ च्या निर्णयानं ती सगळ्या रेशनकार्डधारकांसाठी झाली आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत गेली. त्यातला खर्च सरकार उचलतं.

मावशी घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकापुढं हात जोडायची. "सरकारचं लई उपकार झालं बाबा," म्हणायची. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या तर ती पाया पडून आली होती.

तात्यांना मावशीबद्दल आकस नाही. दवाखान्यात न्यायला पहिली गाडी त्यांनीच बोलावली होती. पण रात्री ते म्हणाले, "माझं कापून घेतलं तवा मला दिलं. हितं तर काय भरायचंच न्हाई. मग भरनाऱ्यात आन् न भरनाऱ्यात फरक काय ऱ्हायला?"

प्रश्न साधा नाही, आणि तात्यांचं म्हणणं हलकं तर मुळीच नाही. भरलेल्या माणसाला कुणापुढं वाकावं लागत नाही, हे त्यांनी अनुभवलंय. ज्याच्या हाती हिशेबाचा कागद नाही त्याचं काय होतं, हे गावानंही पाहिलंय. बलुत्याची रीतच आठवा. सुतारानं, लोहारानं, न्हाव्यानं वर्षभर काम करायचं, आणि सुगीत खळ्यावरनं त्याला पेंढ्या, धान्य मिळायचं. वरवर बघितलं तर हाही एक विमाच. वर्षात नांगर चार वेळा मोडो की एकदा, बलुतं ठरलेलं. पण हे बलुतं कष्टाचं असूनही खळ्यावर उभं राहताना मागत्यासारखं उभं राहावं लागे. किती टाकायचं ते देणाऱ्याच्या मनावर, आणि जात जेवढी खालची तेवढी वाट बघायची वेळ मोठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध इतकी वर्षं लढा दिला तो यासाठीच. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. कष्ट आहेत पण कागद नाही, अशा माणसाचा हक्क बघता बघता दान होतो. म्हणून तात्या पिशवी जपतात ते मला पटतं.

पण मग पुढचा प्रश्न येतो. कागद कुणाला मिळाला?

तात्यांची भट्टी कायद्याच्या आत होती. त्याच कायद्यात हंगामी कारखाने वगळले होते, साखर आणि गुळाचेही. उसाच्या फडातल्या माणसाचं, दिवसाच्या हजेरीवर भांगलणाऱ्या बाईचं नाव तर कुठल्याच मस्टरला नव्हतं. मावशीनं भरलं नाही ही गोष्ट खरी. पण तिच्याकडनं कापून घ्यायला कुणी मालक आलाच नाही, हीसुद्धा खरी. मालकानं सव्वातीन टक्के भरायचे तर आधी मालकानं मी मालक आहे हे मान्य करावं लागतं. शेतमजूर बाईला जन्मात पन्नास मालक असतात आणि म्हातारपणी एकही नसतो.

आणि तिनं काहीच भरलं नाही, हेही खरं नाही. ती मोबाइलचा रिचार्ज मारते त्यात कर आहे. पायात चप्पल घालते त्यात कर आहे. त्याची पावती ती सांभाळून ठेवत नाही, एवढंच. शिवाय तिची मजुरी कमी राहिली म्हणून आमचा ऊस परवडला आणि शहरातल्या माणसाच्या चहात साखर स्वस्तात पडली. कमी मजुरी हीसुद्धा कपातच असते. फरक इतकाच, की ती चिठ्ठीवर छापून येत नाही.

हे मी तात्यांना बोलून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आरं, मग तिनं पाया कशापायी पडायचं?"

मला वाटतं, सगळ्या वादाचं मूळ तात्यांनीच हातात दिलं. भरणारा आणि न भरणारा यांत फरक करायचा तो उपचारात नको. पण भरणारा ताठ उभा राहतो आणि दुसरा पाया पडतो, हा फरक मात्र बोचतो. मदत मिळाली, मान मिळाला नाही. आणि ज्याला मान नाही त्याची मदत कधीही काढून घेता येते, कारण तो भांडायला उभाच राहत नाही. तात्यांच्या गोळ्या एका महिन्यात मिळाल्या नाहीत तेव्हा ते खिडकीवर तासभर भांडले. मावशीच्या गोळ्यांचं काय झालं ते बघा. योजनेनं स्टेंट घातली, पण त्यानंतर जन्मभर घ्यायच्या गोळ्या असतात. सरकारी दवाखान्यात त्या असतील तेव्हा फुकट मिळतात. नसतील तेव्हा औषधाच्या दुकानातनं आणायच्या. हाताला काम नसलेल्या आठवड्यात मावशी एक दिवसाआड गोळी घेते आणि कुणाला सांगत नाही. "एवढं मोठं फुकटात केलं, आता गोळीसाटनं कशाला तोंड वासायचं?" ती म्हणते. उपकार मानणाऱ्या माणसाला उरलेला हक्क मागायची लाज वाटते. म्हाताऱ्या जिवाला पाच लाखांचं ऑपरेशन जन्मात एकदा लागतं, गोळी रोज लागते.

२०२४ च्या ऑक्टोबरात केंद्रानं ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं. उत्पन्नाची अट नाही. घरचं कार्ड असलं तरी सत्तरी ओलांडलेल्याला स्वतःचे वेगळे ५ लाख. हे मला इर्जिकीच्या जवळचं वाटतं. काय भरलं, कुठं काम केलं, किती कमावलं, काही विचारायचं नाही. फक्त वय विचारायचं.

पण वयालाही कागद लागतोच. मावशी शाळेत गेली नाही. आधार काढताना समोरच्यानं अंदाजानं साल टाकलं, आणि तारीख आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाची असते तीच, १ जून. त्या हिशेबानं ती आज ६४ वर्षांची आहे. मावशी म्हणते, "कोयनेचा भूकंप झाला तवा मला न्हाण आलं हुतं." तो भूकंप डिसेंबर १९६७ चा. म्हणजे ती सत्तरीच्या पार कधीच गेली. गुडघे, डोळे, छाती, सगळे तसंच सांगतात. कार्डापुरती ती अजून सहा वर्षं म्हातारी होणार नाही.

इर्जिक आणि पैरा यांत मला आता पूर्वीइतकं अंतर वाटत नाही. इर्जिकीला जाणारा माणूसही कुणाचा तरी पैरा फेडत असतो. फक्त तो ज्याचं देणं लागतो तो माणूस त्या रानात नसतो. कधी तो मेलेला असतो, कधी अजून जन्मायचा असतो. म्हातारपणाचा दवाखाना असाच चालायला हवा. आज कमावणाऱ्यानं आज म्हाताऱ्या असलेल्याचं करायचं, आणि त्याचं कुणीतरी न पाहिलेल्यानं. यात तात्यांची चिठ्ठी हवीच, कारण चिठ्ठी माणसाला ताठ ठेवते. फक्त ती काकीलाही हवी आणि मावशीलाही. कष्टांची नोंद न ठेवता म्हातारपणी मदत देणारी व्यवस्था हातानं देते आणि नजरेनं काढून घेते.

तात्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. अजूनही ते म्हणतात, थोडं तरी भरून घ्या, वर्षाला १२० घ्या, पण प्रत्येकाकडनं घ्या, म्हणजे कुणी पाया पडणार नाही. त्यात तथ्य आहे. पण गेल्या महिन्यात तेच मावशीला घेऊन आधारचं वय दुरुस्त करायला तालुक्याला गेले. पुरावा नाही म्हणून दोघं परत आले. पुढच्या सोमवारी पुन्हा निघाले तेव्हा मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तात्या, कशाला हेलपाटं?"

तात्या इस्त्रीचा सदरा घालत होते. म्हणाले, "चला आक्का. दुसरं काय कुनी तुमच्या नावावर लिवलं न्हाई. वय तर तुमी सोता कमावलंय."