थकलेल्या शरीराने आभार कसे मानावेत?



आजारी आणि वयोवृद्ध माणसांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा कानी येतो. "फादर, आता हात वर होत नाही, डोळ्यांना दिसत नाही. घरच्यांना नुसतं ओझं झालंय. देवाचे आभार मानायचे, पण कशाचे?" हा प्रश्न विचारणारी माणसे अविश्वासू नाहीत. पन्नास-साठ वर्षे त्यांनी रोझरी म्हटली आहे, लेकरांना क्रुसाची खूण करायला शिकवली आहे, उन्हातान्हात कापूस वेचून घर उभे केले आहे. म्हणून "असं बोलू नये, देव बघतोय" एवढे म्हणून पुढच्या घरी जाणे योग्य नाही. या प्रश्नाचा आज आपण नीट विचार करू या.

थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संत पौल विश्वासणाऱ्यांना सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो. हे सांगणारा माणूस धडधाकट होता असे समजू नका. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आपल्या शरीरातल्या काट्याविषयी लिहितो. तो काटा निघावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवले, तरी काटा राहिला आणि कृपा पुरेल असे उत्तर मिळाले. पौलाच्या शब्दांत एक बारकावा आहे. सर्व परिस्थितीत आभार माना असे तो सांगतो. परिस्थितीबद्दलच आभार माना असे तो म्हणत नाही. दुखण्यात असताना आभार मानणे वेगळे आणि दुखण्याचे आभार मानणे वेगळे.

हा फरक विसरला की आपण आजाऱ्याला चुकीचे आभार शिकवू लागतो. असे चुकीचे प्रकार तीन आहेत.

पहिला प्रकार म्हणजे आजारालाच देवाची भेट ठरवणे. "देवाने तुमच्यावर प्रेम केलं म्हणून हे दुखणं दिलं" असे काहीजण म्हणतात. पण शुभवर्तमानातला येशू आजाऱ्यांना भेटतो तेव्हा तो त्यांचे अभिनंदन करत नाही, तो त्यांना बरे करतो. लाजारसच्या कबरेपाशी तो रडतो. गेथशेमानी बागेत तो स्वतःसाठी पित्याकडे मागतो, की शक्य असेल तर हा प्याला टळावा. ज्या दुःखावर प्रभू रडला, त्या दुःखावर हसायची सक्ती आपण कोणावर करावी?

दुसरा प्रकार तुलनेचा. "तुमचं तर बरं आहे, त्या अमक्याकडे बघा, तो तर अंथरुणालाच खिळलाय." ऐकणाऱ्याला क्षणभर हलके वाटते. पण हे आभार शेजाऱ्याच्या दुःखावर उभे आहेत. मंदिरातल्या परुश्यानेही असेच आभार मानले होते, की मी त्या जकातदारासारखा नाही. प्रभूने ती प्रार्थना मान्य केली नाही. शिवाय जो सर्वांत जास्त आजारी आहे, त्याने मग कोणाकडे बघावे?

तिसरा प्रकार औषधासारखा. आभार मानले की मन शांत राहते, झोप लागते, म्हणून आभार माना. यात थोडे तथ्य असेलही. पण जे आपण स्वतःच्या फायद्यासाठी करतो, त्याला आभार म्हणता येत नाही. आभाराला समोर कोणीतरी लागतो. देणारा लागतो.

मग खरे आभार कोणते? इथे थोडे मुळाशी जावे लागेल. आपल्या भागात माणसाची किंमत कामावर ठरते. जो औत हाकतो, जिचे हात दिवसभर वेचणी करतात, त्याला आणि तिला घरात मान. कष्टाचा मान असावाच, कारण आपली भाकर त्यावर येते. पण हळूहळू आपण असे मानू लागतो, की काम थांबले म्हणजे माणूस संपला. "ओझं झालंय" हा शब्द तिथून येतो. पोळ्याच्या दिवशी आपल्या गावात म्हाताऱ्या बैलालाही अंघोळ घालतात, त्याच्याही तोंडात पुरणपोळीचा घास देतात. वर्षातून एक दिवस का होईना, जनावरालाही आपण कामावरून मोजत नाही. माणसाला मात्र रोज मोजतो.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली एक महत्त्वाचा भेद मांडला. वस्तूला किंमत असते, कारण तिच्या जागी दुसरी वस्तू आणता येते. माणसाला प्रतिष्ठा असते, कारण त्याच्या जागी दुसरा माणूस आणता येत नाही. हा विचार मोलाचा आहे. पण कांट यांनी ही प्रतिष्ठा माणसाच्या विवेकबुद्धीवर उभी केली. मग ज्या आजीला आता स्वतःच्या मुलाचे नाव आठवत नाही, तिच्या प्रतिष्ठेचे काय? इथे आपली श्रद्धा एक पाऊल पुढे जाते. आपली प्रतिष्ठा आपल्या हातांच्या ताकदीवर नाही, आणि बुद्धीवरही नाही. देवाने आपल्याला त्याच्या प्रतिरूपात निर्माण केले आणि तो आपल्याला विसरत नाही, यावर ती उभी आहे. आजी नाव विसरली तरी तिचे नाव ज्याच्यापाशी आहे, तो ते विसरलेला नाही.

हे लक्षात आले की शरीराकडे बघण्याची दृष्टी बदलते. तरुणपणी आपल्याला वाटते, हे शरीर माझे आहे, मी कमावलेले आहे. प्रत्यक्षात पहिला श्वास आपण कमावला नव्हता. आईने पाजले, दुसऱ्यांनी चालायला शिकवले. तब्येत ठणठणीत होती तेव्हाही आपण दुसऱ्याच्या आधारावरच उभे होतो; फक्त ते दिसत नव्हते. म्हातारपण ते दाखवून देते. शरीर मिळालेले आहे हे ज्याला कळले, तो शरीर थकल्यावरही देणाऱ्याकडे पाहू शकतो. इतकी वर्षे जे मिळाले त्याबद्दल तो आभार मानतो, आणि जे हरपले त्याबद्दल मोकळेपणाने रडतोही. स्तोत्रसंहितेतल्या ७१ व्या स्तोत्रात एक म्हातारा माणूस देवाला विनवतो, की माझी शक्ती सरल्यावर मला टाकू नकोस. त्याच स्तोत्राचा शेवट स्तुतीने होतो. तक्रार आणि उपकारस्तुती एकाच प्रार्थनेत बसू शकतात. देवाजवळ केलेली तक्रार हीसुद्धा श्रद्धाच आहे, कारण जो ऐकत नाही त्याच्याकडे कोणी तक्रार करत नाही.

आपल्या महाराष्ट्रातच याची उदाहरणे आहेत. पंडिता रमाबाई १८८३ साली वैद्यकीय शिक्षणाची आस धरून इंग्लंडला गेल्या. पण कानांनी साथ दिली नाही, ऐकू कमी येत असल्याने ते शिक्षण त्यांना घेता आले नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हजारो निराधार स्त्रिया आणि मुलींचा सांभाळ करीत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्यांनी मूळ भाषांतून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, पण मराठी बोलणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसावर त्यांचे ऋण आहे. बहिरेपण आले म्हणूनच भाषांतर झाले, असे गणित मात्र आपण मांडू नये. देवाचा हिशेब आपल्या हाती नाही. एवढेच दिसते, की एक दार बंद झाल्यावरही त्यांनी देणाऱ्याकडे पाठ फिरवली नाही.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे धर्मगुरू, 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षे संपादक आणि 'सुबोध बायबल'चे कर्ते. जानेवारी २०२० मध्ये आपल्या मराठवाड्यात धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे ते अध्यक्ष होते. या पदावर आलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. प्रकृती साथ देत नसतानाही ते आले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी दीर्घ आजारानंतर त्यांचे निधन झाले.

आता कोणी विचारेल, की शरीर थकले तरी शेवटपर्यंत काम करीत राहणे हीच श्रद्धा का? याचे उत्तर दोन पोपमहोदयांच्या जीवनात सापडते. पोप दुसरे जॉन पॉल यांना पार्किन्सनचा आजार होता. २००५ च्या फेब्रुवारीत त्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. २७ मार्च २००५ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, ते खिडकीत आले. बोलण्याचा प्रयत्न केला, आवाज फुटला नाही. शेवटी त्यांनी नुसत्या हाताने आशीर्वाद दिला. पुढच्या शनिवारी, २ एप्रिलला, ते प्रभूकडे गेले. त्यांच्यानंतरचे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी जाहीर केले, की वय आणि घटती शक्ती यांमुळे हे काम आपल्याकडून नीट होणार नाही. आणि पद सोडून ते प्रार्थनेच्या जीवनात गेले. एकाने पद शेवटपर्यंत धरले, दुसऱ्याने ते खाली ठेवले. दोघांनीही आपली दुर्बलता लपवली नाही आणि ती देवासमोर ठेवली. म्हणून ज्या बाबांना अजून शेतावर जावेसे वाटते त्यांनी जावे, आणि ज्यांना खाटेवर बसून नुसती रोझरी म्हणायची आहे त्यांनी ती म्हणावी. कोणाचेही आभार कमी प्रतीचे ठरत नाहीत.

आजारपणातले सर्वांत कठीण काम मात्र वेगळेच आहे. ते म्हणजे दुसऱ्याच्या हातून घेणे. ज्या आईने सर्वांना वाढले, तिला सुनेच्या हातून घास घेताना संकोच वाटतो. ज्या वडिलांनी पोरांना खांद्यावर घेतले, त्यांना मुलाच्या खांद्यावर हात टाकून मोरीपर्यंत जाणे जड जाते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात प्रभू पेत्राला हेच सांगतो: तरुणपणी तू स्वतः कमर बांधून हवे तिथे जात होतास, म्हातारपणी दुसरा कोणी तुझी कमर बांधील. आणि प्रभूने स्वतः काय केले? क्रूस जड झाला तेव्हा कुरेनेकर शिमोनाने तो उचलला. येशूने ती मदत नाकारली नाही. जगाचा तारणारा एका वाटसरूच्या खांद्याचा आधार घेतो, तर आपल्याला लाज कशाची? मदत घेणारा माणूस देणाऱ्याला प्रेम करण्याची संधी देतो. तेही एक देणेच आहे.

पण ही गोष्ट घरातल्या धडधाकट माणसांनी आजाऱ्याला ऐकवायची नाही. "फादरांनी सांगितलंय, आभार मानायचे, कुरकुर करायची नाही" असे या लेखाच्या आधारे कोणी म्हणू नये. आपले काम वेगळे आहे. आजाऱ्याने आभार मानावेत अशी अपेक्षा करण्याआधी आपण त्याच्यापाशी बसावे. औषधाची वेळ पाळावी, त्याच्याशी त्याच्या शेताच्या, लग्नाच्या, जुन्या दिवसांच्या गोष्टी बोलाव्यात. जिच्या डोळ्यांना दिसत नाही, तिला रविवारचे शुभवर्तमान वाचून दाखवावे. ज्या घरात म्हातारा माणूस ओझे नाही असे वागण्यातून दिसते, त्या घरात आभार शिकवावे लागत नाहीत. आणि रुग्णाभ्यंग संस्काराला घाबरू नये. फादर तेल घेऊन आले म्हणजे शेवट आला, असा समज अजून कित्येक घरांत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले, की हा संस्कार फक्त अखेरच्या घटकेसाठी नाही. आजारपणाने किंवा वार्धक्याने जीव धोक्यात येऊ लागला, की तो घेण्याची वेळ आलेली असते. तेव्हा शुद्ध हरपण्याची वाट पाहू नका. आजाऱ्याला प्रार्थनेत भाग घेता येईल अशा वेळी आम्हांला बोलवा.

शेवटी आपण वेदीकडे पाहू या. ज्याला आपण यूखारिस्त म्हणतो, त्या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. प्रभूने ही उपकारस्तुती कोणत्या रात्री केली? ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले, त्या रात्री. दुसऱ्या दिवशी हे शरीर मोडणार, हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने भाकर हातात घेतली, पित्याचे आभार मानले, आणि मग ती भाकर म्हणजे आपले शरीर आहे असे सांगून ती मोडून दिली. त्याने खिळ्यांचे आभार मानले नाहीत. पित्याचे मानले. आपले आजी-आजोबा खाटेवर पडल्या पडल्या थरथरत्या जिभेवर ख्रिस्तप्रसाद घेतात, तेव्हा त्यांचे थकलेले शरीर प्रभूच्या त्याच शरीराशी जोडले जाते. त्या क्षणी त्यांच्या तोंडून एक शब्दही निघाला नाही, तरी प्रभूची उपकारस्तुती त्यांच्या वतीने चालू असते.

म्हणून ज्यांना आज आभार मानणे जमत नाही, त्यांनी खंत करू नये. इतर सर्वजण मिस्सामध्ये तुमच्यासाठी ते मानत आहेत. तुम्ही फक्त प्रभूला तुमच्या खाटेशी येऊ द्या.

धर्मग्रामातील सर्व आजारी, वयोवृद्ध आणि त्यांची सेवा करणाऱ्या कुटुंबीयांना प्रभू सामर्थ्य देवो, आणि पवित्र मरिया माता त्यांच्यासाठी विनंती करो.

ख्रिस्तात आपले,
धर्मग्रामाचे धर्मगुरू, सोयगाव