फलश्रुतीवाचून

वाचनाची गोडी कशी लागते, असे विचारणाऱ्या माणसाला ती बहुधा स्वतःला लावून घ्यायची नसते. दुसऱ्या कुणाला तरी लावायची असते. आईबापांना ती मुलांना लावायची असते, शिक्षकांना विद्यार्थ्यांना, आणि व्याख्यात्यांना तर समोर बसलेल्या सगळ्यांनाच. ‘आमचे चिरंजीव काही केल्या पुस्तक हाती धरत नाहीत,’ अशी तक्रार करणाऱ्या एका गृहस्थांना मी सहज विचारले, ‘आपण स्वतः हल्ली काय वाचता?’ ते म्हणाले, ‘मला कुठला आलाय वेळ!’ आणि हे त्यांनी थोड्या अभिमानानेच सांगितले. वेळ नसणे हे ज्या घरात मोठेपणाचे लक्षण समजतात, त्या घरात मुलाने हा रिकामपणाचा उद्योग आपणहून का अंगावर घ्यावा, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसला नाही.

मला तो पुष्कळ दिवस पडला आहे. माणूस केवळ आनंदासाठी वाचू लागतो तो कशामुळे? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, केवळ आनंदासाठी वाचणे योग्य तरी आहे काय? मला शंका येते की, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपण मनातल्या मनात ‘नाही’ असे देऊन बसलो आहोत, आणि म्हणूनच पहिल्याचे उत्तर आपल्याला सापडत नाही.

वाचनाची फलश्रुती सांगण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. चातुर्मासात दुपारची जेवणे आटोपली, उष्टीखरकटी झाली, की आळीतल्या बायका कुणाच्या तरी ओसरीवर जमत. पुराणिकबुवा किंवा एखादी वाचता येणारी बाई श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ नाही तर ‘पांडवप्रताप’ उघडी, आणि बाकीच्या वाती वळता वळता ऐकत. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेले हे ग्रंथ पुढे कित्येक पिढ्या मराठी घरांतून असे ऐकले गेले. पोथी म्हटली की तिच्या शेवटी फलश्रुती आलीच: जो हे वाचील वा ऐकेल त्याला संतती लाभेल, संपत्ती लाभेल, रोग जातील, संकटे टळतील. आजच्या शिकलेल्या माणसाला याचे हसू येते. पण हसण्यापूर्वी त्याने, मुलाच्या हाती पुस्तक देताना आपण काय बोलतो ते आठवून पाहावे. ‘वाच, म्हणजे भाषा सुधारेल. सामान्य ज्ञान वाढेल. पुढे स्पर्धापरीक्षांना उपयोग होईल.’ ही फलश्रुतीच झाली. संततीच्या जागी गुण आले आणि संपत्तीच्या जागी नोकरी आली, एवढेच. शिवाय श्रीधरस्वामी आधी गोकुळ उभे करीत, कृष्णाच्या खोड्या सांगत, डोळ्यांत पाणी आणीत, आणि सगळे झाल्यावर फळाचे बोलत. आपण पुस्तक उघडण्यापूर्वीच फळ सांगून मोकळे होतो.

आणि ती ऐकणारी बाई तरी फळासाठीच येत होती काय? काही येत असतील. परंतु चुलीपाशी, विहिरीपाशी आणि पाळण्यापाशी दिवस घालवणाऱ्या त्या बाईला दुसरा कोणता तास स्वतःचा होता? ‘कंटाळा आला, जरा बसते,’ असे म्हणायची सोय नव्हती. ‘पोथीला जाते’ म्हटले की मात्र सासूलाही अडवता येत नसे. फलश्रुती ही त्या तासाची जकात होती. ती एकदा भरली की आतले द्रौपदीचे वस्त्रहरण, अभिमन्यूचा चक्रव्यूह, सुदाम्याचे पोहे, सगळे तिचे होते. आनंद होताच, त्याला पुण्याचे पांघरूण घालून घरात आणावे लागत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे पांघरूण हळूहळू दूर होऊ लागले. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही कादंबरी आली. ती वाचून मोक्ष मिळत नव्हता की ग्रहपीडा टळत नव्हती. वाचणाऱ्याचा वेळ मात्र मोठ्या सुखात जाई. १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी साप्ताहिक काढले, त्याचे नाव ‘करमणूक’. १८९५ साली का. र. मित्र यांनी मासिक काढले, त्याचे नाव ‘मनोरंजन’. आज ही नावे अगदी साधी वाटतात. पण ज्या काळी नियतकालिकांची नावे ‘ज्ञानप्रकाश’ आणि ‘सुधारक’ अशी असत, त्या काळी कपाळावर करमणूक लिहून बाहेर पडायला धीर लागत असला पाहिजे. त्याच ‘करमणुकी’तून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली आणि यमूचे दुःख घरोघर पोचले. मन रमवायला आलेला वाचक डोळे पुसत उठला. व्याख्यानाला गेला असता, तर कदाचित जांभई देत उठला असता.

पुढे १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला आणि मराठी घरात एक नवीच रीत पडली. सणाच्या दिवसांत गोडधोड माफ, उशिरा झोपणे माफ, फटाक्यांवर उधळलेले पैसे माफ. त्यांच्या जोडीला वाचणेही माफ झाले. चकलीच्या तेलकट बोटांनी अंकाची पाने उलटणाऱ्याला ‘यातून काय शिकलास?’ असे कुणी विचारीत नाही. पुष्कळ मराठी माणसांना वाचनाची गोडी शाळेपेक्षा या न विचारण्यामुळेच लागली असावी, असे मला वाटते.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना ही गोष्ट ठाऊक होती. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजने सांगितली आहेत: कीर्ती, द्रव्य, व्यवहारज्ञान, अनिष्टाचा नाश, तत्काळ मिळणारा परम आनंद, आणि कांतेने करावा तसा उपदेश. यादी पाहिली तर आपल्यातले सारे हिशेबी लोक तीत सुखाने बसतील. पण मम्मटाने पुढे स्वतःच सांगून ठेवले आहे की, या सर्वांच्या मस्तकी बसतो तो आनंद. रसाच्या आस्वादाबरोबर त्याच क्षणी उपजणारा, आणि ज्यात दुसऱ्या कशाचेच भान उरत नाही असा. उपदेशाविषयीही त्याचे म्हणणे मार्मिक आहे. वेद धन्यासारखी आज्ञा करतात, पुराणे मित्रासारखी समजूत घालतात आणि काव्य प्रियेसारखे मन वळवते. आपण मुलांच्या हाती काव्य देतो खरे, पण देतो धन्याच्या आवाजात. ‘रोज दहा पाने झालीच पाहिजेत, आणि सारांश लिहून दाखव’ असे म्हटल्यावर कोणती प्रिया मन वळवू शकेल?

ज्यांना खरोखर गोडी लागली आहे, त्यांना आपण एकदा विचारून पाहावे. शिफारस केलेली पुस्तके त्यांच्या आठवणींत फारशी येत नाहीत. वाण्याच्या पुडीचा कागद मात्र हटकून येतो. साखर डब्यात ओतायची, दोरा रिळाला गुंडाळून ठेवायचा, आणि कागद मांडीवर सरळ करून वाचू लागायचे. त्यावर अर्धी गोष्ट असे. तिचा आरंभ फाटलेला असे आणि शेवट दुसऱ्या कुणाच्या घरी डाळीबरोबर गेलेला असे. ती पुरी करण्याचे काम वाचणाऱ्याकडेच येई. आता पुड्या प्लास्टिकच्या झाल्या आणि ती बिनपैशाची शाळा बंद पडली.

दुसरी आठवण येते ती बाबुराव अर्नाळकरांची. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड भूगोलाच्या पुस्तकाआड दडून किती घरांत शिरले, त्याची मोजदाद कोण करणार? ‘असले हलके वाचून रुची बिघडते,’ असे तेव्हाची वडील मंडळी म्हणत. मला वाटते, रुची निवडीतूनच घडते. आणि ज्याला वाईट निवडण्याची मुभा नाही, त्याने चांगले निवडले असे म्हणता येत नाही. झुंजारपासून निघालेली काही मुले पुढे टॉलस्टॉयपर्यंत पोचली. काही झुंजारापाशीच राहिली. त्यांनीही रात्री कंदिलाखाली श्वास रोखून वाचले आणि ती समाधानाने झोपली. त्यांना नापास करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

कुणी म्हणेल, हे सारे रिकामपण ज्यांना परवडते त्यांचे लाड आहेत. गरिबाने उपयोगाचेच वाचावे. येथे मला परळच्या चाळीतल्या एका मुलाची आठवण होते. भीमराव आंबेडकरांना शाळकरी वयातच अभ्यासाबाहेरच्या पुस्तकांचा नाद लागला. मुलाने क्रमिक पुस्तकांकडे लक्ष द्यावे अशी वडिलांची, रामजी सुभेदारांची, इच्छा होती. तरीही मुलाने पुस्तक मागितले की ते नाही म्हणत नसत. प्रसंगी विवाहित लेकींकडून पैसे आणीत, नाही तर त्यांचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणीत. चाळीच्या खोलीत बसायला जागा नाही म्हणून हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तेथे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला पाहिले आणि ओळख वाढवली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या सत्काराच्या वेळी गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. त्या पुस्तकाची वाट १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत गेली, असे आपण आज म्हणू शकतो. पण बागेतल्या बाकावर ती वाट कुणाला दिसत होती? बापाने कर्ज काढले ते फळ पाहून नव्हे. मुलाचे डोळे पाहून काढले असावे. आणि गुरुजींनी पुस्तक दिले ते मम्मटाच्या मित्रासारखे दिले.

मग वाचनाने माणूस मोठा होतो, चांगला होतो, असे म्हणावे काय? मला ती ग्वाही देता येणार नाही. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि ती वाचून भल्याभल्या विद्वानांनी माना डोलावल्या. शहाणपण मात्र न वाचणारीचे होते. उलट कपाटे भरभरून वाचलेली, पण घरच्या मोलकरणीशी सरळ बोलू न शकणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तेव्हा चारित्र्याच्या फळावरही वाचनाची बाजू मांडता येत नाही.

मांडायचीच तर ती एका गोष्टीवर मांडावी असे मला वाटते. वाचणारा माणूस तेवढा वेळ कुणाचाच नसतो. तो कुणाचा मुलगा नसतो, कुणाची सून नसते, साहेब नसतो की कारकून नसतो. आणि तरीही एकटा नसतो, कारण यमू आणि अभिमन्यू त्याच्याजवळ असतात. त्या तासाचा हिशेब त्याला द्यावा लागत नाही. ज्याच्या प्रत्येक तासाचा उपयोग आपण विचारतो, त्याला आपण माणसासारखे वागवत नाही, अवजारासारखे वागवतो; मग त्याला कितीही प्रेमाने धार लावली तरी. ‘वाच, उपयोगी पडेल,’ असे म्हणताना आपण मुलाला नकळत सांगत असतो की, तुझ्या आनंदाला कारण दाखवावे लागेल.

आपल्या घरात असा तास कुणाकुणाला आहे, हे या सुट्टीत पाहण्यासारखे आहे. वर्तमानपत्र वाचणाऱ्या यजमानांना सहसा कुणी उठवत नाही. घरची बाई मात्र दुपारी कादंबरी घेऊन आडवी झाली आणि दाराची घंटा वाजली, की पुस्तक पालथे घालते आणि म्हणते, ‘काही नाही, जरा पडले होते.’ म्हणजे पोथीच्या काळची जकात तिच्यापुरती अजून उठलेली नाही. मुलांचे तास शाळा, शिकवणी आणि क्रीडावर्ग यांनी वाटून घेतले आहेत. उरलेला मोबाईलला जातो म्हणून आपण चरफडतो. पण मोबाईल मुलाला काय म्हणतो ते ऐकावे. ‘ये, बस, मजा वाटेल,’ एवढेच तो म्हणतो. त्याचा मालक त्या मजेच्या प्रत्येक मिनिटाचे पैसे करतो, हे खरे. पण यजमानाची रीत त्याला साधली आहे. त्याच्या शेजारी आपले पुस्तक फायद्यांची यादी हातात धरून उभे असते. मुलाने कुणाकडे जावे?

फार काही करायचे आहे असे नाही. पुस्तक हाताला लागेल अशा जागी असावे. महाबळेश्वरजवळच्या भिलारला २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांत पुस्तके मांडली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती मोकळी केली. तेवढे एक कपाट कुलपावाचून घरात ठेवता येईल. न आवडलेले पुस्तक अर्ध्यावर टाकण्याची मुभा असावी. वाचून झाल्यावर प्रश्न नसावेत. आणि घरात कुणी तरी, कुणाला दाखवण्यासाठी नव्हे, पण वाचताना दिसावे. एवढे करूनही काही मुले वाचणार नाहीत. त्यांना तबल्यात, झाडांत, यंत्रांत तो तास सापडेल, सापडू द्यावा.

दिवाळीत आपण पणती लावतो. तिच्या उजेडात एखादी आजी सुईत दोराही ओवून घेते. तो उपयोग कुणी नाकारत नाही. पण सुईसाठी म्हणून पणती कुणी लावलेली नसते. घर उजळावे, पाहणाऱ्याला बरे वाटावे, एवढ्यासाठी ती लावलेली असते, आणि तेवढे कारण आपल्याला पुरते. पुस्तकाच्या बाबतीतही ते पुरावे.