धरून ठेवलेले

क्षमा केली म्हणजे आपण विसरलो, असे म्हणता येईल काय? जमिनीच्या वादात थोरल्या भावाला लिहिलेले एक कठोर पत्र माझ्या बाह्य हार्ड डिस्कवर होते. समेट झाल्यावर ते पुसायला बसलो, तर संगणक ऐकेना. फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे, एवढेच तो पुनःपुन्हा सांगे. सबंध डिस्कच फॉरमॅट करावी, असे संतापाने वाटले. पण मग आईची छायाचित्रेही गेली असती. शोधता उमगले, शेवटचे एकदा वाचावे म्हणून मीच ते पत्र उघडून ठेवले होते. खिडकी मिटली आणि फाइल मुकाट्याने गेली.

गेली तरी कशी? अशा चुंबकीय डिस्कवर फाइल पुसली की सहसा सूचीतील नोंद तेवढी जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तसाच राहतो. मनाचेही असेच असावे. विसरणे आपल्या हाती नाही. धरलेले सोडणे आणि मोकळ्या जागी नवे लिहिणे, एवढे मात्र आहे. येत्या रविवारी दादाकडे जेवायला जाणार आहे.