निजण्याचा धर्म

गेल्या कार्तिकात रत्नागिरीस मांडवीकडील एका देवळात आमचे कीर्तन होते. संसार ही नौका, नवरा-बायको तिचे उतारू, असा नेहमीचा दृष्टांत आम्ही दिला. आरती झाल्यावर एक तरुण पाया पडून म्हणाला, "बुवा, नौका सांगितलीत, पण रात्री तिच्यात जागायचे कोणी, ते राहिलेच की हो!" तो व्यापारी जहाजावरचा खलाशी. आम्ही त्यास शेजारी बसवून घेतले.

त्याने सांगितले ते असे. पुष्कळ जोडपी हल्ली तीस-चाळीस फुटी शिडाच्या होडीत बिऱ्हाड करून महासागर ओलांडतात. कॅनरी बेटांपासून पलीकडच्या कॅरिबियन बेटांपर्यंत सुमारे २,७०० सागरी मैल. अशा होडीस तीनेक आठवडे लागतात. मध्ये नांगर टाकायची सोय नाही, म्हणून होडी रात्रीही चालतीच. सुकाणू वाऱ्याच्या जोरावर फिरणारे यंत्र सांभाळते. पण पाहायला माणूस लागतो. क्षितिजावर दिसलेले मोठे जहाज वीस मिनिटांत अंगावर येऊ शकते. तेव्हा तीन-तीन तासांच्या पाळ्या. एकाने दर दहा मिनिटांनी चहूकडे नजर फिरवायची, दुसऱ्याने खाली निजायचे. एवढ्याशा जागेत राहून जोडप्याची धड गाठ पडते ती पाळी बदलताना, चहाच्या पेल्यापुरती!

आपल्या गोव्याहूनही नौदलाची 'तारिणी' ही ५६ फुटी शिडाची नौका २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी परतली. तीवर लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघीच. वाटेत पॅसिफिकमध्ये पॉइंट निमो लागला. तेथून जवळात जवळची जमीन अडीच हजार किलोमीटरांहून दूर. (बौधायनाने समुद्रयान पातकांत घातले आहे, हे आम्ही पाठशाळेत घोकले आहे. या दोघींचे वृत्त वाचताना ते सूत्र आठवले खरे, पण उच्चारावेसे वाटले नाही.)

आमच्या मनात घोळत राहिले ते निजणे. जन्मभर आम्ही जागणाऱ्याची थोरवी गाइली. एकादशीचा जागर काय, चौदा वर्षे न निजलेला लक्ष्मण काय! पण त्याच्या पहाऱ्यात राम निर्धास्त निजला, त्या निजण्याविषयी आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. कोणी म्हणेल, झोप तो तमोगुण, तीत पुण्य कसले? पण खलाशी म्हणाला, आपली पाळी नसता जो सारखा डोके वर काढून "ठीक आहे ना?" विचारतो, तो जोडीदाराला मदत करीत नाही. त्याचा अविश्वास तेवढा दाखवतो, आणि स्वतःच्या पाळीत डुलक्या घेतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति निजणाऱ्यास योग नाही म्हटले, तसे अति जागणाऱ्यासही नाही म्हटले आहे. आम्ही पहिला अर्धा भागच रंगवून सांगत आलो.

दुसरा नियम त्याहून कठीण. रात्री शीड आवरायला पुढे जायचे तर कमरेची दोरी होडीस बांधायची आणि आधी निजलेल्यास उठवायचे. कारण एकटा पाण्यात पडला तर होडी पुढे जाते, आणि खालच्यास ते कळते पाळी संपल्यावर. "आताच डोळा लागलाय बिचारीचा, कशाला उठवू?" ही माया तेथे जीव घेते.

हे ऐकताना आमची मान खाली गेली. श्रावणात आमच्या सौभाग्यवतीस ज्वर आला होता. सूनबाई बसते म्हणाली. आम्ही ऐकले नाही. चार रात्री एकट्याने जागलो. लोक वाखाणीत होते, तेही गोड लागत होते. चौथ्या पहाटे खुर्चीतच डोळा लागला. हिला तहान लागली, उठली, उंबऱ्याशी पडली, मनगट मोडले. "हाक का नाही मारलीस?" तर म्हणते, "अहो, चार रात्री जागलात तुम्ही. कशी मारू?"

परवा पौषात तिला पुन्हा ताप आला. या खेपेस सूनबाई बसली, आम्ही आत जाऊन पडलो. झोप काही लागेना. दोनदा उठून दाराशी गेलो. दुसऱ्या वेळी आतून हळूच आवाज आला, "मामंजी, माझी पाळी आहे."